शून्य रुपयांचं लाईट बिल कसं वाचायचं?

आपल्या वाङ्मय मंडळात आपण कविता वाचतो, कथा वाचतो, कधी एखाद्या जुन्या पत्राचा अर्थ लावत बसतो. या अंकासाठी मी एक वेगळाच कागद वाचायला घेतलाय. तो दर महिन्याला आपल्या प्रत्येकाच्या घरी येतो, लांबुडका असतो, आणि बहुतेक घरांत त्याची एकच ओळ वाचली जाते. ती म्हणजे शेवटची, भरायच्या रकमेची.

ऑगस्ट २०२३ पासून बेळगावातल्या पुष्कळ घरांत तेवढंही वाचायची गरज उरलेली नाही. गृहज्योती योजनेमुळे त्या ओळीत शून्य छापून येतं. शून्य दिसलं की कागद फ्रिजवर नाहीतर कॅलेंडरच्या मागे जातो. मला वाटतं, नेमका हाच कागद वाचायला हवा. कारण शून्य ही आपण भरायची रक्कम आहे, विजेची किंमत नव्हे. किंमत कुणीतरी भरतंच. ती कशाकशाची बनते आणि कोण ठरवतं, हे माहीत नसेल तर उद्या ती वाढली किंवा योजना बदलली, तर आपल्याला फक्त चिडता येईल, प्रश्न विचारता येणार नाही.

मी कॉमर्सला आहे, त्यामुळे बेरजेची थोडी सवय आहे. शिवाय आमचं एकत्र कुटुंब, सात माणसं आणि मीटर एकच. माझी आत्या मात्र पलीकडे चंदगड तालुक्यात राहते, म्हणजे महाराष्ट्रात. तिच्या बिलाचा फोटो मी मागवून घेतला. आमचं हेस्कॉमचं बिल आणि तिचं महावितरणचं बिल शेजारी शेजारी ठेवलं, की बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात.

आधी युनिट

बिलातला हिशोब युनिटमध्ये असतो. एक किलोवॅटचं, म्हणजे हजार वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट. हजार वॅटची इस्त्री तासभर चालली तर एक युनिट जातं. दहा वॅटचा एलईडी दिवा शंभर तास जळला, तरीही एकच. दोन हजार वॅटचा गीझर रोज अर्धा तास लावला तर महिन्याला ३० युनिट होतात. आपल्या आज्या बंबात पाणी तापवायच्या तेव्हा तो खर्च लाकडाच्या हिशोबात जायचा, आता तो मीटरमध्ये येतो.

आता प्रश्न असा, की या एका युनिटला पैसे का पडतात?

पहिला थर : वीज तयार करण्याचा खर्च

वीज वितरण कंपनी स्वतः वीज तयार करत नाही. ती विकत घेते आणि आपल्याला विकते. तिच्या एकूण खर्चातला सर्वात मोठा भाग, साधारण तीन-चतुर्थांश, ही खरेदीच असते. म्हणून बिलाची खरी सुरुवात आपल्या मीटरपाशी होत नाही, खूप दूर कुठेतरी होते.

फार दूरही नाही म्हणा. आपल्यातले कितीतरी जण गणेशगुडीला सहलीला जाऊन आलेत. तिथलं काळी नदीवरचं सुपा धरण ज्या पाण्याला अडवतं, ते पाणी पुढे नागझरीच्या वीजघरात चाकं फिरवतं. त्याच काळी नदीच्या काठी कैगाचं अणुवीज केंद्र आहे. तिकडे शिमोगा जिल्ह्यात शरावती, रायचूरला १,७२० मेगावॅटचं कोळशावरचं केंद्र, तुमकूर जिल्ह्यात पावगड्याला २,०५० मेगावॅटचं सौर पार्क. आणि आपल्याच जिल्ह्यातले साखर कारखाने गळीत हंगामात उसाच्या चिपाडावर वीज करतात आणि उरलेली ग्रिडला विकतात.

या प्रत्येक विजेचा भाव वेगळा. शरावतीसारख्या जुन्या जलविद्युत केंद्राचं बांधकामाचं कर्ज कधीच फिटलेलं असतं आणि पाण्याला बिल येत नाही, म्हणून ती वीज खूप स्वस्त पडते. कोळशाची वीज महाग, कारण एका युनिटला साधारण सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जळतो. रायचूरचा कोळसा तेलंगणातल्या सिंगरेणीहून आणि ओडिशातल्या महानदी खाणींतून रेल्वेनं येतो. म्हणजे कोळशाच्या किमतीत रेल्वेचं भाडंही आलं. त्यावर कर आले. विजेवर जीएसटी नाही हे खरं, पण कोळशावर आहे. २०१६ पासून दर टन कोळशावर ४०० रुपये उपकर होता. सप्टेंबर २०२५ मध्ये तो काढला आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के केला. बिलावर यातली एकही ओळ दिसत नाही, पण युनिटच्या दरात ती मिसळलेली असते.

सौर वीज दुपारी स्वस्त आणि भरपूर. पण आपण दिवे, टीव्ही, मिक्सर लावतो संध्याकाळी. तेव्हा सूर्य मावळलेला असतो. मग कमी पडणारी वीज बाजारातून घ्यावी लागते. विजेचाही रोजचा लिलाव चालतो, पॉवर एक्स्चेंजवर. मागणी वाढली की तिथला भाव इतका चढतो की केंद्रीय आयोगाला २०२३ मध्ये युनिटला १० रुपयांची कमाल मर्यादा घालावी लागली. त्याच वर्षी कर्नाटकात पाऊस दगा देऊन गेला, धरणं भरली नाहीत. ऑक्टोबरमध्ये राज्यानं उत्तर प्रदेश आणि पंजाबकडून उसनी वीज घेतली, पुढे परत करण्याच्या बोलीवर. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तसंच हे. म्हणजे पाऊस कमी झाला तर फक्त शेतकऱ्याचं नुकसान होतं असं नाही, स्वस्त वीज कमी होते आणि महाग वीज घ्यावी लागते.

खरेदीतली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची, कारण ती पुढे उपयोगी पडेल. मोठ्या वीज केंद्राला दोन प्रकारचे पैसे द्यावे लागतात. एक, केंद्र तयार ठेवल्याबद्दल. दुसरे, प्रत्यक्ष घेतलेल्या विजेबद्दल. लग्नासाठी हॉल घेतला की पाहुणे शंभर आले काय नि पाचशे आले काय, हॉलचं भाडं तेवढंच. जेवणाचे पैसे मात्र पानागणिक. वीज केंद्राचंही तसंच. वीज घेतली नाही तरी हॉलचं भाडं द्यावंच लागतं.

दुसरा थर : तारा, खांब आणि गळती

तयार झालेली वीज आपल्यापर्यंत आणायला दोन टप्पे लागतात. मोठ्या मनोऱ्यांवरून उच्च दाबानं आणण्याचं काम केपीटीसीएल करतं. तिथून पुढे गावातल्या ट्रान्सफॉर्मरपासून आपल्या मीटरपर्यंत हेस्कॉम. पूर्वी हे सगळं कर्नाटक विद्युत मंडळ एकटंच करायचं. १९९९ मध्ये त्यातून केपीटीसीएल झालं आणि २००२ मध्ये वितरणासाठी वेगळ्या कंपन्या झाल्या. आपल्या वाट्याला आलेली हेस्कॉम बेळगाव, धारवाड, गदग, हावेरी, विजयपूर, बागलकोट आणि उत्तर कन्नड अशा सात जिल्ह्यांना वीज देते.

खांब, तारा, ट्रान्सफॉर्मर, वायरमनचा पगार, मीटर वाचायला येणाऱ्याचा पगार, कर्जावरचं व्याज, हे सगळं युनिटच्या दरातच वसूल होतं.

शिवाय गळती असते. तार तापते, त्यात वीज जाते. कुठे आकडे टाकून चोरी होते. एक साधं उदाहरण घेऊ. समजा कंपनीनं १०० युनिट ५ रुपयांनी घेतली, म्हणजे ५०० रुपये दिले. त्यातली ८५ युनिटच बिलात आली. मग ते ५०० रुपये ८५ युनिटांवर वाटले जातात आणि खरेदीचाच दर ५ रुपये ८८ पैसे होतो. पगार, व्याज, खांब अजून मिळवायचेत. म्हणून आकडा टाकणारा ‘सरकारची वीज’ वापरत नसतो, शेजाऱ्याच्या बिलातली वापरत असतो.

बिलावरचे शब्द

आता कागदाकडे वळू. आत्याच्या बिलावर सगळं मराठीत आहे : स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क. आमच्या बिलावर कन्नड आणि थोडं इंग्रजी. अर्थ लावताना एक गंमत सापडली. कन्नडमधलं ‘विद्युत् शुल्क’ म्हणजे वापरलेल्या युनिटांचे पैसे, आणि मराठी बिलातलं ‘वीज शुल्क’ म्हणजे सरकारचा कर. शब्द जवळजवळ सारखे, अर्थ निराळे. कन्नड बिलात कराला ‘तेरिगे’ म्हणतात आणि स्थिर आकाराला ‘निगदित शुल्क’. एवढे तीन शब्द ओळखले की आपलं बिल बरंचसं वाचता येतं.

स्थिर आकार म्हणजे मघाचं हॉलचं भाडं. घर बंद ठेवून आपण महिनाभर गावी गेलो तरी तो लागतो. कर्नाटकात तो मंजूर भारावर असतो, म्हणजे आपल्या कनेक्शनला किती किलोवॅट मंजूर आहेत त्यावर. महाराष्ट्रात सिंगल फेजच्या घरगुती ग्राहकाला तो एकच ठरावीक आकडा असतो.

वीज आकार म्हणजे वापरलेली युनिट गुणिले दर.

वहन आकार म्हणजे तारांवरून वीज आणून दिल्याचे पैसे. महाराष्ट्रात हा वेगळा दाखवतात. आपल्याकडे तो दरातच धरलेला असतो. त्यामुळे ‘त्यांच्याकडे जास्तीचा आकार लावतात’ असं म्हणणं बरोबर नाही. वीज वाहून आणण्याचा खर्च दोन्हीकडे आहे, एकीकडे दिसतो, एकीकडे दिसत नाही.

इंधन समायोजन म्हणजे फरकाची रक्कम. दर ठरवताना कोळशाचा आणि खरेदीचा एक अंदाज धरतात. प्रत्यक्ष खर्च जास्त झाला की फरक पुढच्या महिन्यांत ग्राहकाकडून घेतात, कमी झाला तर वजा करतात. २०२२ च्या शेवटी केंद्रानं नियम केला की हा फरक दर महिन्याला आपोआप बिलात यावा. म्हणून वापर तेवढाच असूनही दोन महिन्यांची बिलं वेगळी येऊ शकतात.

आणि शेवटी कर. कर्नाटकात वीज आकारावर ९ टक्के. महाराष्ट्रात घरगुती ग्राहकाला १६ टक्के, आणि तोही सगळ्या आकारांच्या बेरजेवर. हे पैसे वीज कंपनीचे नसतात, ती फक्त गोळा करून राज्य सरकारला देते.

सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे

दोन्ही राज्यांचे २०२४–२५ चे घरगुती दर घेऊन मी तीन बेरजा केल्या. कर्नाटकात तेव्हा सगळ्या युनिटांना सरसकट ५.९० रुपये आणि दर किलोवॅटला १२० रुपये स्थिर आकार होता. मंजूर भार २ किलोवॅट धरला. महाराष्ट्रात पहिल्या १०० युनिटांना ४.७१ रुपये, १०१ ते ३०० पर्यंत १०.२९ रुपये, वर युनिटमागे १.१७ रुपये वहन आकार आणि १२८ रुपये स्थिर आकार. इंधन समायोजन आणि गृहज्योती दोन्ही बाजूला ठेवले. कर धरून उत्तरं अशी आली :

६० युनिट : बेळगाव ६२६ रुपये, चंदगड ५५८ रुपये.

१५० युनिट : बेळगाव १,२०५ रुपये, चंदगड १,४९५ रुपये.

३०० युनिट : बेळगाव २,१६९ रुपये, चंदगड ३,४८९ रुपये.

आमच्या घरात नेहमी वाद व्हायचा, ‘वीज तिकडे महाग की इकडे?’ या तीन ओळींनी तो मिटला, म्हणजे खरं तर दोघांनाही अर्धं अर्धं बरोबर ठरवलं. कमी वापरणाऱ्याला तिकडे स्वस्त, जास्त वापरणाऱ्याला इकडे स्वस्त. महाराष्ट्रात टप्पे आहेत. पहिला टप्पा स्वस्त ठेवायचा आणि त्याची भरपाई वरच्या टप्प्यातून करायची, असं ते धोरण. कर्नाटकानं २०२४ मध्ये घरगुती टप्पे काढून एकच दर केला. त्यात हिशोब सोपा झाला, पण दोन खोल्यांत राहणाऱ्या विधवा बाईला आणि एसी लावणाऱ्या बंगल्याला युनिटचा भाव एकच झाला. कोणतं धोरण न्याय्य, यावर आपल्या मंडळात एक छान वादविवाद होऊ शकतो. मी इथे फक्त बेरीज केली आहे.

दर कमी झाला, बिल वाढलं

मार्च २०२५ मध्ये कर्नाटकात पुढच्या तीन वर्षांचे दर एकदम ठरले. १ एप्रिल २०२५ पासून घरगुती युनिट ५.९० वरून ५.८० रुपये झालं. म्हणजे १० पैसे स्वस्त. पण स्थिर आकार दर किलोवॅटला १२० वरून १४५ झाला. आणि युनिटमागे ३६ पैशांची एक नवी ओळ आली. वीज कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांच्या पेन्शन आणि ग्रॅच्युइटीतला सरकारचा जो वाटा होता, तो आता ग्राहकांकडून घेतला जातो, त्याची ती ओळ.

आता तेच १५० युनिट आणि तेच २ किलोवॅट. स्थिर आकार २९०, वीज आकार ८७०, पेन्शनचे ५४, कर ७८ रुपये ३० पैसे. बेरीज १,२९२ रुपये ३० पैसे. आदल्या वर्षी १,२०५ होती. युनिट १० पैशांनी स्वस्त झालं आणि बिल ८७-८८ रुपयांनी वाढलं. ‘वीजदरात कपात’ एवढंच वाचून खूश होणाऱ्यानं आणि ‘दरवाढ’ एवढंच वाचून संतापणाऱ्यानं, दोघांनीही एकेकच ओळ वाचलेली असते.

पेन्शन द्यायलाच हवी, त्याबद्दल दुमत नाही. आयुष्यभर खांबावर चढलेल्या माणसाचा तो हक्क आहे. प्रश्न इतकाच, की ती सरकारी तिजोरीतून द्यायची की विजेच्या बिलातून. तिजोरीतून दिली तर जास्त कमावणारा जास्त भार उचलतो. बिलातून दिली तर वीज वापरणारा प्रत्येकजण उचलतो.

मग शून्य कसं येतं?

गृहज्योतीत २०० युनिटांपर्यंत वीज मोफत असं आपण म्हणतो, पण ते अर्धंच खरं आहे. २०२२–२३ मध्ये आपल्या घराचा महिन्याचा सरासरी वापर जितका होता, त्यात १० टक्के मिळवून आपली स्वतःची मर्यादा ठरते. अगदी कमी वापर असणाऱ्यांसाठी पुढे यात १० टक्क्यांऐवजी १० युनिट अशी सवलत आली. समजा आपली सरासरी ११० होती, तर मर्यादा १२१. तेवढं वापरलं तर शून्य. १५० वापरलं तर वरच्या २९ युनिटांचे पैसे. आणि २०० ओलांडले तर सगळंच बिल भरायचं.

हे शेवटचं वाक्य एकत्र कुटुंबाला चांगलंच कळतं. ज्या घराची मर्यादा पूर्ण २०० आहे, त्यानं २०० युनिट वापरली तर बिल शून्य. त्याच घरानं २०१ वापरली तर २०२५ च्या दरानं २ किलोवॅटला हिशोब असा : स्थिर आकार २९०, वीज आकार १,१६५.८०, पेन्शनचे ७२.३६, कर १०४.९२. एकूण १,६३३ रुपये. शेवटचं एक युनिट सोळाशे तेहेतीस रुपयांना पडलं! मे महिन्यात आमच्याकडे आजोबा रोज संध्याकाळी टॉर्च घेऊन मीटरपाशी उभे असतात, ते उगाच नाही. एकाच घरात दोन भाऊ, दोन चुली आणि एकच मीटर असेल, तर ही रेषा त्यांना लवकर गाठते. वेगवेगळे मीटर असलेल्या तितक्याच माणसांना ती लागत नाही.

आणि शून्य छापलेल्या बिलाचे पैसे कोण देतं? राज्य सरकार. वीज कायदा २००३ च्या कलम ६५ मध्ये स्पष्ट लिहिलंय की सरकारला कुणाला सवलत द्यायची असेल तर त्याची रक्कम वीज कंपनीला आगाऊ द्यायला हवी. दहा अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना कर्नाटकात मोफत वीज आहे, तिथंही हाच नियम. सरकारचे पैसे म्हणजे आपण पेट्रोलवर, कपड्यांवर, घराच्या नोंदणीवर भरलेला कर. तो वेळेवर पोहोचला नाही तर कंपनी कर्ज काढते, आणि त्या कर्जाचं व्याज फिरून पुन्हा दराच्या हिशोबात येऊन बसू शकतं.

दुसरा एक वाटेकरी आहे, जो आपल्याला दिसतच नाही. अनेक वर्षं दुकानं आणि कारखाने खर्चापेक्षा जास्त दर भरत आले आणि त्यातून घरगुती व शेतीचा दर खाली राहिला. याला क्रॉस सबसिडी म्हणतात. कायदा सांगतो की ती हळूहळू कमी करत न्यावी. ती कमी होते तेव्हा आपला दर वर सरकतो. पण ती जास्त असते तेव्हाही किंमत आपण चुकवतोच, बिस्किटाच्या पुड्यात आणि झेरॉक्सच्या पानात. मोफत मिळालेल्या युनिटाची अशी कितीतरी बिलं फाटलेली असतात, फक्त त्यांवर आपलं नाव नसतं.

हे लिहिताना योजना वाईट आहे असं मला सुचवायचं नाही. आमच्या गल्लीत धुणीभांडी करणाऱ्या मावशींच्या घरी जी रक्कम वाचते, ती मुलीच्या बसभाड्याला आणि वह्यांना लागते, हे मी डोळ्यांनी बघते. माझं म्हणणं एवढंच की मदत मिळते आहे हे कळावं, किती मिळते ते कळावं, आणि कुणाकडून मिळते तेही.

ठरवतं कोण?

दर मंत्री ठरवत नाहीत आणि हेस्कॉमही ठरवत नाही. कर्नाटक वीज नियामक आयोग ठरवतो. तो १९९९ मध्ये स्थापन झाला. हेस्कॉम आपला पुढच्या काळाचा अंदाजी खर्च आयोगापुढे मांडते. आयोग तो तपासतो, काही खर्च नाकारतो, आणि मग आदेश काढतो. या दोन टप्प्यांच्या मध्ये कायद्यानं जनतेला जागा ठेवलेली आहे. प्रस्ताव वर्तमानपत्रात जाहीर करावा लागतो, आणि त्यावर कुणीही सूचना किंवा हरकत पाठवू शकतो. सुनावणीत उभं राहून बोलताही येतं. वकील लागत नाही.

मे २०२३ ची गोष्ट अनेकांना आठवत असेल. १२ मे रोजी सरासरी ७० पैशांची वाढ जाहीर झाली आणि ती १ एप्रिलपासून लागू धरली. जूनच्या बिलांत वाढ, मागची थकबाकी आणि इंधन समायोजन असं सगळं एकदम आलं. २२ जूनला व्यापाऱ्यांनी राज्यात बंदची हाक दिली. राग खरा होता. पण त्या दरवाढीचा प्रस्ताव आणि त्यावरच्या सुनावण्या आधीच होऊन गेलेल्या होत्या. बंदला जितकी माणसं येतात, त्यातली शंभरातली पाच जरी सुनावणीला आली तर तिथलं चित्र वेगळं दिसेल.

आपल्या भागात यात भाषेची थोडी अडचण येते, हे खरंय. पण आपल्यापैकी बहुतेकांना कन्नड वाचता-बोलता येतं, वर्गात कन्नड मित्रमैत्रिणी आहेत, आणि बिल तर दोघांच्याही घरी सारखंच येतं. हरकतीचं एक पान दोघांनी मिळून लिहिलं तर अडचण उरत नाही.

तर या महिन्यात एवढं करू

बिल आलं की शेवटची ओळ सोडून पाच गोष्टी बघा. मागचं आणि आत्ताचं रीडिंग मीटरशी जुळतं का. मंजूर भार किती किलोवॅट लिहिलाय, कारण स्थिर आकार त्यावरच आहे. गृहज्योतीची आपली स्वतःची मर्यादा किती. इंधन समायोजन या महिन्यात मिळवलंय की वजा केलंय. आणि सवलत वजा होण्याआधीची मूळ रक्कम किती. हा शेवटचा आकडा म्हणजे आपल्या विजेचं खरं बिल.

वापरही बघा. जुना ७५ वॅटचा पंखा रोज बारा तास चालला तर महिन्याला २७ युनिट घेतो. नवा ३० वॅटचा बीएलडीसी पंखा त्याच कामाला ११ युनिटांच्या आत भागवतो. असे तीन पंखे बदलले की ४८ युनिट वाचतात. दोनशेच्या रेषेवर उभ्या असलेल्या घराला हे ४८ युनिट म्हणजे कधी कधी अख्खं बिल असतं.

पुढच्या बैठकीला प्रत्येकानं आपापल्या घरचं एक बिल आणावं, नाव आणि आरआर नंबर झाकून. ज्यांचे नातेवाईक चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरला आहेत त्यांनी तिकडचं, आणि गोव्याहून येणाऱ्यांनी तिथलं. सगळी टेबलावर मांडू, शब्दाला शब्द लावू, आणि आयोगापुढे मांडण्यासारखा एखादा प्रश्न सापडतो का ते बघू. सापडला तर तो मराठीत मी लिहीन. कन्नडमध्ये कोण लिहिणार, तेवढं त्याच बैठकीत ठरवू.